ट्रॅक्टरचं टेंपरेचर मीटर जुन्या मोटारीत: नऊ महिने वापरल्यावर

गाडी 1999 ची, वडिलांनी घेतलेली, कार्ब्युरेटरवाली पेट्रोल. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी रात्री पन्हाळ्याहून उतरताना टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला. चढताना नाही, उतरताना! वाघबीळला गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर ना वाफ, ना वास.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निकाल लागला: "हेड गेलंय बघा. उतरवाय लागतंय, फेसिंग करूया. अठरा हजार धरा." मी मान हलवली आणि गाडी घरी आणली. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं तर पाणी कमी व्हायला हवं, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसायला हवी, नाहीतर थंड गाडी झाकण काढून चालू केली की रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला हवेत. यातलं काहीच नव्हतं. शिवाय एक गोष्ट खटकत होती. हेडलाइट लावला की टेंपरेचरच्या काट्याबरोबर पेट्रोलचा काटाही वर सरकायचा. हेडलाइट लावून टाकीत पेट्रोल वाढत असतं तर काय पाहिजे होतं!

म्हणून आधी दुसरा काटा लावायचा ठरवला. ट्रॅक्टरच्या स्पेअर्सच्या दुकानात सातशे रुपयांत मेकॅनिकल मीटर मिळालं. तांब्याची बारीक नळी, टोकाला पितळी बल्ब, आत पटकन वाफ होणारा द्रव. बल्ब तापला की वाफेचा दाब नळीतून मीटरपर्यंत येतो आणि आतली वाकडी पोकळ पट्टी सरळ व्हायला बघते, काटा फिरतो. वायर नाही, अर्थिंग नाही, बॅटरीशी संबंधच नाही. बल्ब बसवायला उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी पितळी टी-पीस काढून दिला. तो वरच्या होजमध्ये, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी नेणाऱ्या रबरी नळीत बसवला. बसवायच्या आधी बल्ब घरी उकळत्या पाण्यात धरला, काटा शंभराच्या जरा अलीकडे थांबला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. म्हणजे मीटर बरोबर.

पहिल्याच रात्री गाडीचा काटा लाल पट्टीत आणि ट्रॅक्टरचा 80 च्या खाली. मग चोर शोधणं सोपं झालं. इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली की काटा थंडीकडे पडतो, तीच वायर बॉडीला टेकवली की गरमकडे जातो. हे दोन्ही झालं, म्हणजे वायर आणि काटा चालू आहेत. (वायर टेकवून बसून राहू नका, काटा चढायला लागला की लगेच काढा.) राहिला डॅशबोर्डमागचा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर. तो दोन्ही काट्यांना मिळून एकच. त्याचा अर्थिंगचा स्क्रू गंजला होता, त्यामुळे रेग्युलेटर बॅटरीचा करंट आवरतच नव्हता आणि दोन्ही काटे वर. पॉलिश पेपर, नवा स्क्रू, खर्च शून्य.

इथं मीटरचं काम संपलं असं वाटलं होतं. डिसेंबरात पहाटे कागलकडे जाताना हायवेवर काटा 60 च्या वर जाईना. उघडून बघितलं तर थर्मोस्टॅटच नाही! (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) कधीतरी कुणीतरी "गाडी गरम होती" म्हणून काढून टाकलेला. ही आपल्याकडची जुनी खोड. गाडी थंड राहते, पण इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं. नवा 82 डिग्रीचा थर्मोस्टॅट घेतला, पातेल्यात गरम पाण्यात टाकून उघडतोय का बघितला आणि मगच बसवला. आता सकाळी काटा पाच-सहा मिनिटं ढिम्म असतो आणि मग टुणकन उडी मारतो. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय वरच्या होजमध्ये गरम पाणी येत नाही, म्हणून. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, आता ती उडी बघायला आवडते.

खरी गरम गाडी भेटली मे महिन्यात. तावडे हॉटेलजवळ ट्रॅफिकमध्ये काटा 104, पुढं रस्ता मोकळा झाला की 88. उभ्या गाडीत तापते आणि पळताना निवते, तेव्हा आधी रेडिएटरच्या फॅनकडे बघायचं. पळतानाच तापत असेल तर रेडिएटर, पंप. घरी येऊन फॅन स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, फॅन गरकन फिरला. म्हणजे स्विच गेलेला. त्या दिवशी इंजिनाची उष्णता बाहेर काढायला हीटर फुल करून, काचा खाली करून घर गाठलं होतं. मे महिन्यात कोल्हापुरात हीटर लावून बसलेला माणूस बघून शेजारचा रिक्षावाला काय म्हणाला ते लिहीत नाही. 104 ला पाणी उकळलं नाही, कारण रेडिएटरचं झाकण चांगलं होतं. 0.9 बारचा दाब धरला की उकळबिंदू 115 च्या पुढे जातो. झाकण सैल असतं तर तिथंच उकळी.

तक्रारी आहेत. नळी कापता येत नाही आणि जोडताही येत नाही, जास्तीची गुंडाळून ठेवायची. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबर नसेल तर घासून तुटते आणि मीटर भंगारात. रात्री आकडे दिसत नाहीत, मी मागून छोटा दिवा लावलाय. आणि सगळ्यात मोठी मर्यादा: पाणीच गळून गेलं तर बल्ब कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. काटा अचानक उतरला म्हणून खूश होऊ नका, गाडी थांबवा. पाणी कमी झालं तर वाजणारा वेगळा बझर लावायचा राहिलाय.

गाडीचा मूळ काटा आता मध्यावर शहाण्यासारखा बसतो. पेट्रोलचाही खरं बोलतो, त्यामुळे टाकी पूर्वीपेक्षा लवकर संपते असं बायकोचं म्हणणं आहे.