जालन्याच्या थंडीत डिझायनर स्वेड बूट: वर्षभराच्या वापरानंतर

आधी बूट कोणते ते सांगतो. तपकिरी रंगाचे, घोट्याच्या जरा वर येणारे चेल्सी बूट, म्हणजे बिनलेसचे, बाजूला इलॅस्टिक असलेले. काफ स्वेड, म्हणजे वासराचं लव आणलेलं कातडं, आतून चामड्याचं अस्तर, खाली पातळ रबरी सोल, शिलाई इटलीतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ऑनलाइन सेलमध्ये घेतले, चाळीस हजारांच्या थोडे वर गेले. किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात चार शेळ्या आल्या असत्या." हिशोब बरोबर होता, त्यामुळं गप्प बसलो.

माझा धंदा बियाण्यांचा. दिवसभर दुकान, मधूनमधून शिवारात बीजोत्पादनाचे प्लॉट पाहणं, आणि तुळशीचं लग्न झालं की संध्याकाळी कुणाचं ना कुणाचं लग्नकार्य. मंगल कार्यालयाचा गालिचा, बदनापूरकडचं काळं रान आणि दुचाकीचा गियर, हे तिन्ही या बुटांनी पाहिलंय.

स्वेडबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक बर्फाच्या देशांतलं. तिकडं रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते मीठ ओलाव्याबरोबर चामड्यात शिरतं आणि वर पांढरे पट्टे उमटतात. मग व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा वगैरे सल्ले. आपल्याकडं त्यातलं काही नाही. पहाटे १० अंश, दुपारी २८-२९, हवा कोरडी आणि रस्त्यावर फुफाटा. आणि खरं सांगायचं तर स्वेडला हीच हवा मानवते. प्रसिद्ध 'डेझर्ट बूट' तरी कुठून आला? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातले अधिकारी कैरोच्या बाजारात बनवून घेतलेले साधे स्वेडचे बूट घालायचे. ते पाहून नेथन क्लार्क यानं तशी घडण उचलली आणि १९५० मध्ये त्याच्या घराण्याच्या क्लार्क्स या ब्रिटिश बूट कंपनीनं ते बाजारात आणले. रात्री गारठा, दिवसा ऊन, पायाखाली धूळ. मराठवाड्याचा हिवाळा त्याहून फार वेगळा नाही.

घेताना मी काय पाहिलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथंच.

स्वेड म्हणजे कातड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून तिच्यावर बारीक लव आणलेली. नुबक म्हणजे वरची, केसाकडची बाजू घासलेली. दिसायला जवळजवळ तशीच, पण ओरखडा लगेच दिसतो. स्वेडमध्येही दोन तऱ्हा. जाड कातडं आडवं चिरून जो खालचा थर निघतो त्याचं 'स्प्लिट स्वेड' होतं. ते स्वस्त, लव लांब आणि विरळ, आणि काही महिन्यांत घडीच्या जागी टक्कल पडतं. दुसरं, अख्खं कातडं उलटं करून वापरलेलं किंवा कोवळ्या कातड्याचं. त्याची लव आखूड आणि दाट असते. बोट फिरवलं की रंगाची छटा बदलते आणि उलट फिरवलं की पुन्हा पहिल्यासारखी होते. मोठ्या नावाच्या कंपन्याही स्प्लिट वापरतात, तेव्हा लेबलवर विसंबू नका. ऑनलाइन घेत असाल तर डबा उघडल्या उघडल्या दोन्ही बूट खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवून लव आणि रंग जुळतात का बघा. मग पांढरा रुमाल घेऊन टाचेवर घासा. गडद रंगाचं स्वेड सुरुवातीला रंग सोडतंच, पण रुमाल पार माखला तर परत पाठवा, नाहीतर फिकट पँटची मोरी रंगलीच म्हणून समजा.

अस्तर फरचं घेऊ नका. फोटोत ऊबदार दिसतं, पण आपल्याकडं दुपारी बाराला पाय उकडून निघतात आणि घाम आतच राहतो. साधं चामड्याचं अस्तर पुरतं. पहाटेच्या गारठ्याला सुती मोजे घाला.

आता चेल्सी की लेसवाले? यात मी अजिबात दुमत ठेवत नाही. ज्या गावात प्रत्येक उंबऱ्याबाहेर पायताण काढायचं असतं, देवळात काढायचं, पंगतीला बसताना काढायचं, तिथं लेसचे बूट म्हणजे दर वेळी वाकून कसरत. पाहुणे "या, बसा" म्हणत दारात उभे आणि आपण एका पायावर. चेल्सीला बाजूनं इलॅस्टिक असतं, ओढला की निघतो. पण टाच दुसऱ्या पायानं दाबून काढायची सवय असेल तर मागची बाजू मोडते. परत घालताना टाच सरकवायला मी खिशात छोटा शूहॉर्न, म्हणजे वाकडी पट्टी, ठेवतो, पुतण्या त्याला हसतो.

सोलचं म्हणाल तर क्रेप नको. पिवळसर, स्पंजासारखा दिसणारा तो नैसर्गिक रबराचा सोल आपल्या मातीत दोन दिवसांत काळा ठिक्कर होतो, उन्हात चिकट होतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. नुसता चामड्याचा सोल मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर तुम्हाला वराच्या आधी आडवा करेल. रबरीच घ्या, खोल नक्षी नसलेला, म्हणजे चिखल धरून ठेवत नाही.

आता वापराकडं येतो. पहिल्यांदा घालायच्या आधी गच्चीवर नेऊन पाणीरोधक स्प्रे मारला. वीतभर अंतरावरून, हलके दोन हात, मध्ये वाळू द्यायचा, आणि रात्रभर तसेच ठेवायचे. बंद खोलीत मारू नका, वास डोक्यात जातो. स्प्रेनं बूट जलाभेद्य होतात असं काही नाही. थेंब क्षणभर वर थांबतो, तेवढ्यात झटकायला वेळ मिळतो. दर महिन्या-दीड महिन्यानं परत मारावा लागतो.

रोजचं काम एवढंच: घरी आल्यावर ब्रश. मऊ केसांचा ब्रश, एकाच दिशेनं, वरून खाली. फुफाटा रोज निघाला तर रंग टिकतो. आठवडाभर साचला आणि त्यावर दव पडलं की लव चिकटून राखाडी गोळे होतात. घासून चकचकीत झालेल्या जागांसाठी शाळेतला साधा पांढरा खोडरबर चालतो. रंगीत नको, त्याचा रंग उतरतो. पितळी तारांचा ब्रश फक्त हट्टी जागी, आणि तोही अंगठ्याच्या जोरानं नव्हे.

शिवारातला सगळ्यात मोठा शत्रू मला आधीपासून माहीत होता, म्हणून वाचलो: हरभरा. पहाटे हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. आमच्याकडं जुनी माणसं पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून ती आंब गोळा करायची, पोटदुखीला. त्याच आंबेत चामड्याची पायताणं पार खराब होतात हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. हरभऱ्याच्या प्लॉटवर मी गमबूटच घालतो. ज्वारी आणि कांद्याच्या प्लॉटवर स्वेड चालले, दव उतरल्यावर.

हुरड्याला मात्र घालून गेलो, आणि कुसळांनी वैताग आणला. गुळगुळीत चामड्यावरून कुसळ घसरतं, स्वेडमध्ये रुतून बसतं, इलॅस्टिकच्या विणीत तर फारच. ब्रशनं निघत नाही. रुंद चिकटपट्टी दाबून ओढायची, उरलेली चिमट्यानं. दोन-तीन माणसं बसून गप्पा मारत काढली तर वेळ बरा जातो.

माघात अवकाळी झाला तेव्हा परतूरकडच्या एका रानात होतो. काळ्या मातीचं तुम्हाला सांगायला नको. चिकण इतकं की पाण्यानं फुगते आणि पाऊल उचललं की किलोभर ढेकूळ सोबत येतं. गाडीपर्यंत येईस्तोवर तपकिरी रंग दिसेनासा झाला होता. गडी बिचारा बादली घेऊन धुवायलाच निघाला होता, त्याला थांबवलं. ओली काळी माती चोळली की ती लवेच्या मुळात जाते आणि मग कायमची. तीच माती वाळली की आक्रसते आणि आपोआप तडकते. बुटांत कोरा कागद कोंबला (वर्तमानपत्राची शाई फिकट अस्तराला लागते), पंख्याखाली सावलीत ठेवले, कागद ओला झाला की बदलला. उन्हात किंवा हीटरपुढं ठेवले असते तर चामडं ताठ होऊन आक्रसलं असतं. पूर्ण वाळल्यावर बोटानं टिचक्या मारल्या तशी खपल्या-खपल्यांनी माती निघाली. राहिलेली ब्रशनं. शेवटी चहाच्या किटलीच्या वाफेवर वीतभर लांब धरून लव उभी केली. डाव्या बुटाच्या पुढं पाण्याची एक कड उमटली होती, तर अख्खा पुढचा भाग ओल्या स्पंजानं हलका, सारखा ओला करून परत वाळवला. नुसता डाग ओला केला की नवीन कड तयार होते.

लग्नांचे डाग निराळे. रश्श्याची तर्री सांडली तेव्हा टिपकागद दाबला, मग कॉर्नफ्लोअर टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी झटकलं, परत टाकलं. तेल बरंचसं शोषलं गेलं, पण बारकाईनं पाहिलं तर सावली दिसते. हळदीचा डाग मला वाटलं होतं जन्मभर राहणार. पाणी अजिबात लावलं नाही, कोरडी हळद झटकली, खोडरबर फिरवला. बाकी काम उजेडानं केलं. हळदीचा पिवळा रंग प्रकाशात टिकत नाही. रोज सकाळी थोडा वेळ खिडकीत ठेवत गेलो. जास्त वेळ नाही, कारण ऊन स्वेडचाही रंग खातं.

गियरचं मात्र कुणी लिहीत नाही, आणि भारतात तर तेच पहिलं लिहायला हवं. पायाच्या बोटांनी वर उचलायचा गियर असेल तर डाव्या बुटाच्या चवड्यावर महिनाभरात काळा चट्टा पडतो आणि लव जाते. माझ्या दुचाकीला टाच-चवड्याचा दुहेरी गियर आहे, वर टाकायला टाच वापरतो, त्यामुळं वाचलं. एकेरी गियर असेल तर दांडीवर मऊ रबरी नळी चढवा, किंवा बूट डिकीत ठेवा.

आता तक्रारी. शिलाई ब्लेक पद्धतीची आहे, म्हणजे आतल्या तळव्यापासून बाहेरच्या सोलपर्यंत एकच टाका आरपार. बूट हलका आणि बारीक दिसतो, पण सोल झिजला की टाक्यातून पाणी वर येतं, आणि सोल पुन्हा तसा शिवायचं मशीन आमच्या भागात मला कुठं सापडलं नाही. गुडइयर वेल्ट, म्हणजे कडेच्या पट्टीला सोल शिवायची पद्धत, असती तर सोल बदलणं तुलनेनं सोपं. टाचेचं रबर तर वर्षाच्या आतच एका बाजूनं झिजलं. चाळीस हजारांच्या बुटाला हे शोभत नाही. जुन्या जालन्यातल्या एका मोचीकाकांकडून नवीन तुकडा बसवून घेतला. त्यांनी बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आधीच बजावलं, "भाऊ, ह्याला पॉलिश लावू नका कुणाच्या सांगण्यावरून. केस बसतेल, मग उठत न्हाईत." कडेला सोल्युशनचा थेंब येऊ नये म्हणून त्यांनी स्वेडवर कागदी पट्टी लावून घेतली होती. कस्टमर केअरनं यातलं काहीही सांगितलं नव्हतं. माझ्या मेलला त्यांचं उत्तर आलं ते नवीन कलेक्शनच्या जाहिरातीसकट.

पावसाळ्यात घातलेच नाहीत. आमच्याकडं वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोकणासारखी दमट हवा नाही, तरी बंद कपाटात बुरशी धरतेच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. सुती पिशवी, आत लाकडी शू-ट्री (बुटाचा आकार धरून ठेवणारा साचा), सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडलं त्या दिवशी कपाट उघडं. श्रावणात टाचेजवळ पांढरट ठिपके दिसले, गच्चीत नेऊन कोरड्या ब्रशनं झटकले आणि पंख्याखाली ठेवले, परत आले नाहीत. पॉलियुरेथेनचा सोल असेल तर आणखी एक: तो ओलाव्यानं आतून सडतो, न वापरता पडून राहिला तरी काही वर्षांनी भुगा होऊ शकतो.

आज बूट कसे दिसतात? रंग अर्धी छटा फिका, चवड्यावर घड्या, टक्कल कुठंही नाही. कातड्याला दहापैकी नऊ, शिवणीला सहा, टाचेला चार. चाळीस हजारांतले निम्मे तरी नावाचे गेले असं माझं मत आहे. कानपूर आणि तमिळनाडूतल्या अंबूर-राणीपेटच्या भागात निर्यातीच्या दर्जाचं चामडं होतं, आणि वेल्ट शिलाईचे भारतीय स्वेड बूट यापेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळतात. पुढचा जोड तसलाच घेणार, चेल्सीच, तपकिरीच. निळा रंग पाहून ठेवला होता, पण निळ्यावर आमचा फुफाटा फार दिसतो.