कयाकसाठी अँकर कोणता: घडीचा, डंबेलचा की नुसता बांबू?

नागपुरात कोणाला ‘नांगर घ्यायचा आहे’ म्हटलं की समोरचा आधी शेती किती आहे ते विचारतो. म्हणून इथे अँकरच म्हणू.

मासेमारीसाठी कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, आली, रॉडचे होल्डर बसले, आणि पहिल्याच सकाळी ध्यानात येतं की वाऱ्यावर ती पत्रावळीसारखी फिरते. गळ पाण्यात पडेपर्यंत जागा सुटलेली असते. मग अँकरची शोधाशोध सुरू होते आणि बहुतेक जण ‘जास्त घट्ट धरणारा कोणता’ एवढंच पाहतात. माझ्या मते आधी पाहावं की वेळ आली तर कोणता झटकन सोडता येतो.

सगळ्यात जास्त विकला जातो तो चार पात्यांचा घडीचा अँकर, साधारण दीड किलोचा. डब्यात मावतो, स्वस्त आहे. पण तो वजनावर धरत नाही, पाती कशात तरी अडकली तरच धरतो. आपल्या बहुतेक तलावांच्या तळाशी काळ्या मातीचा मऊ गाळ. त्यात तो खरोखरच नांगरासारखा तास काढत सरकतो. इतवारीतल्या लोहाओळीतून तीनेक फूट साखळी आणून दोर आणि अँकरच्या मध्ये जोडली तर फरक पडतो, कारण ओढ वर न जाता आडवी राहते आणि पाती खाली रुततात.

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यासारख्या ठिकाणी तक्रार उलटी. तिथे शेतं, गावांच्या जागा पाण्याखाली गेलेल्या. बुडालेल्या खोडात किंवा दगडांत पाती अशी बसतात की निघतच नाहीत. त्यावर जुनी युक्ती आहे: दोर अँकरच्या बुडाशी, म्हणजे पात्यांच्या बाजूला बांधायचा आणि वरच्या कडीला फक्त एका झिप टायनं (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) अडकवायचा. अडकला की जोरात ओढा, टाय तुटतो आणि अँकर उलटा निघून येतो.

आणखी एक गोष्ट. ढिवर मंडळींची जाळी पाण्यात लावलेली असतात, आणि चार पात्यांना जाळ्याइतकं दुसरं काही आवडत नाही. एक जाळं फाटलं की कोणाच्या तरी आठवड्याच्या कमाईवर पाय पडला. जिथे जाळ्याचे तरंगते डबे दिसतील तिथे घडीचा अँकर काढूच नका.

आता डंबेल. जिममध्ये पडून असलेलं जुनं डंबेल किंवा सिमेंटचा गोळा, हा आपला खास जुगाड. गाळात ठीक चालतो, कशात अडकत नाही, जाळ्यालाही फारसा धोका नाही. पण पाण्यात वजन हलकं होतं हे लोक विसरतात. पाच किलोचा लोखंडी गोळा पाण्यात सुमारे ४.४ किलोचा राहतो. तेवढाच काँक्रीटचा जेमतेम तीन किलोचा. आत सिमेंट भरलेली प्लास्टिकची डंबेलं त्याच वर्गातली. मग माणूस वजन वाढवत जातो, आणि दहा किलो ओढून वर घेताना एका बाजूला वाकला की कयाक कलते. मशरूमच्या टोपीसारखा अँकर मिळतो, तो याच जातीचा पण शहाणा भाऊ: गाळात टोपी रुतते, त्यामुळे कमी वजनात काम होतं. दगडावर मात्र तो नुसता घरंगळतो.

माझी आवड विचाराल तर बांबू. आठ फुटी, टोक तासलेला, वर दोरीचा फास. तीन-चार फूट पाण्यात गाळात खुपसला की झालं. आवाज नाही, खडखड नाही. मरळ काठाच्या उथळ, गवताळ पाण्यातच दबा धरून असतो आणि तिथे साखळी खळखळली तर सकाळ वाया. काही जण काठी कयाकच्या पाणी निचऱ्याच्या भोकातून खाली खुपसतात. तसं करू नका, वारा फिरला की सगळा जोर त्या भोकाच्या कडेवर येतो आणि प्लास्टिक तडकतं. काठी बाहेर, मध्ये हातभर दोरी. पाच फुटांपुढच्या खोलीत बांबू निरुपयोगी, एवढी त्याची मर्यादा.

खोल पाण्यात दोराची लांबी अँकरपेक्षा महत्त्वाची. १० फूट पाण्यात ३० फूट दोर सोडला तर तो तळाशी साधारण २० अंशांचा कोन करतो. ७० फूट सोडला तर आठच अंश. संथ पाण्यात तिप्पट पुरतो, वारा असेल तर पाचपट-सातपट लागतो. ‘अँकर धरत नाही’ या तक्रारींमागे अनेकदा आखूड दोर असतो.

अँकर कुठे बांधता यावर तर सगळं आहे. मी सुरुवातीला आळसानं बसल्या जागी, बाजूच्या कडीला बांधत असे. खिंडसी तलावात एका मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं, वावटळीचा झोत आला, कयाक आडवी झाली आणि दोर एका बाजूनं खाली खेचू लागला. गाठ ओली होऊन आवळलेली. चाकू होता म्हणून पोहावं लागलं नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे त्या दिवशी अंगानं समजलं. तेव्हापासून ट्रॉली: पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक पुली, मध्ये दोरीचा फेरा, फेऱ्यावर कडी. अँकरचा दोर कडीतून ओवून परत हाताशी आणायचा आणि क्लीटमध्ये, म्हणजे गाठ न मारता दोर पकडणाऱ्या खाचेत, दाबायचा, कडीला बांधायचा नाही. झुळूक असेल तर कडी मागच्या टोकाला, लाटा उठल्या की पुढच्या. खर्चात बचत करायची तर अँकर साधा घ्या, ट्रॉली सोडू नका.

दोराच्या शेवटाला एक तरंगता डबा बांधा. गडबड झाली की क्लीटमधून दोर सोडायचा, डबा पाण्यात, आपण मोकळे. अँकर नंतर येऊन घ्यायचा. चाकू लाइफ जॅकेटवर, डब्यात नाही.

वाहत्या नदीचं वेगळं. पावसाळ्यात कन्हान, वैनगंगा यांवर धरणाची दारं उघडली की पाणी चढतं, आणि अँकर टाकलेली कयाक वर न येता टोकानं खाली ओढली जाते. तिथे कोणताही अँकर नको. तोतलाडोह जलाशय तर पेंच व्याघ्र प्रकल्पात, मासेमारीला बंदीच. इतर अनेक तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात. आधी काठावर विचारा. कुठे जाळी लावलीत आणि कुठे खोडं आहेत तेही त्याच गप्पांत कळतं, आणि त्यावरून त्या दिवशी बांबू न्यायचा की दीड किलोचा, ते ठरतं.