46 की 93? आणि मग अगोस्तिनीचं काय?

भाच्यानं सेकंडहँड बाईक घेतली आणि पहिल्याच रविवारी रेडियमवाल्याच्या दुकानातून मला फोन लावला. “मामा, 46 लावू की 93? पटकन सांग, माझा नंबर आलाय.” मागं कटिंग मशीनची किरकिर, आणि ‘आईचा आशीर्वाद’मधली वेलांटी जरा मोठी काढा म्हणून कुणीतरी घातलेला वाद. मी म्हटलं, आज नंबरप्लेट तेवढी करून घे, बाकीचं पुढच्या रविवारी. त्याला काय सांगायचं ते इथं लिहून काढतोय, कारण हा प्रश्न पडलेला तो एकटाच नसणार. पुण्यात सिग्नलला उभं राहिलं की पिवळा 46 कुठं ना कुठं दिसतोच, आणि लावणाऱ्या बऱ्याच पोरांना तो कुणाचा हे ठाऊक नसतं.

हे दोन्ही मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतल्या स्वारांचे नंबर. 46 म्हणजे इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी. 5 ऑगस्ट 2021 ला ऑस्ट्रियात त्यानं हा मोसम शेवटचा असं जाहीर केलं, आणि 14 नोव्हेंबरला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तो शेवटचा धावला. सचिनची वानखेडेवरची निरोपाची कसोटी सुरू झाली तीही 14 नोव्हेंबरलाच, आठ वर्षं आधी. त्या दिवशी रॉसी दहावा आला. वय 42. शर्यत जिंकली फ्रान्चेस्को बान्यायानं, जो रॉसीच्याच तालमीत घडलेला. तालमीतल्या सगळ्या पोरांनी त्या दिवशी गुरूच्या जुन्या हेल्मेटांची नक्षी डोक्यावर मिरवली होती.

2017 च्या असेनच्या शर्यतीनंतर रॉसीला एकही शर्यत जिंकता आली नव्हती, त्यामुळे त्यानं चार वर्षं आधीच थांबायला हवं होतं असं म्हणणारे भेटतात. माझं त्यांच्याशी जमत नाही. आवडीचं जेवण चाललेलं असताना माणसाला ताटावरून उठवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आता तुलना. नुसत्या आकड्यांवर जायचं तर 46 पण नको आणि 93 पण नको, सरळ साठ-सत्तरच्या दशकातल्या जाकोमो अगोस्तिनीचं नाव कोरून घ्यावं. 15 जगज्जेतेपदं, 122 ग्रां प्री (म्हणजे जागतिक स्पर्धेतल्या शर्यतींचे) विजय. रॉसीची 9 आणि 115. 93 वाल्या मार्क मार्केझची, 2025 चा मोसम संपला तेव्हा, 9 आणि 99. फक्त वरचा गट धरला, म्हणजे पूर्वीचा 500 सीसी आणि 2002 पासूनचा मोटोजीपी, तर अंतर घटतं: अगोस्तिनी 8, रॉसी 7, मार्केझ 7. आणि विजयांत क्रम उलटतो, कारण तिथं रॉसीचे 89, मार्केझचे 73 आणि अगोस्तिनीचे 68.

अगोस्तिनीच्या आकड्यांवर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. त्या काळी एकच स्वार 350 आणि 500 अशा दोन्ही गटांत उतरायचा, त्यामुळं त्याची सात विजेतेपदं 350 मधली आहेत. शिवाय 1967 संपताना होंडानं माघार घेतली आणि अगोस्तिनीच्या एमव्ही ऑगस्टा गाडीसमोर उभं राहील असं कुणी उरलंच नाही. 1968 मध्ये 500 च्या दहाही शर्यती त्यानं जिंकल्या, 350 च्या सातही. गल्लीत दुसरी टीमच नसताना केलेल्या धावा, असं कुणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही.

म्हणून अगोस्तिनीला 1967 वरून जोखावं. त्या वर्षी समोर होंडावर माइक हेलवूड होता, आणि त्या पिढीतले बरेच जण आजही त्यालाच सगळ्यात मोठा मानतात. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी शर्यत म्हणजे साठेक किलोमीटरचा एक फेरा, तोही गावातल्या रस्त्यांवरून, बाजूला दगडी भिंती आणि दिव्याचे खांब. शर्यतीत हेलवूडच्या थ्रॉटलची मूठ सैल झाली. पेट्रोलला थांबला तेव्हा त्यानं कुणाचा तरी हातोडा मागून घेतला, मुठीवर दोन-चार घाव घातले आणि तसाच निघाला. पुढं अगोस्तिनीची चेन तुटली आणि हेलवूड जिंकला. वर्षअखेर मात्र दोघांचे गुण सारखे, विजयही पाच-पाच. दुसरे क्रमांक अगोस्तिनीचे जास्त, म्हणून विजेतेपद त्याला. समोर पैलवान होता तेव्हाही तो चीतपट झाला नाही, एवढं नोंदवून ठेवायला हरकत नसावी. 1972 मध्ये त्याच बेटावर त्याचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती शर्यतीत मरण पावला. त्यानंतर अगोस्तिनी तिथं पुन्हा कधी उतरला नाही, आणि 1976 नंतर टीटी जागतिक स्पर्धेतूनच बाहेर पडली.

रॉसीचं पारडं माझ्यासाठी एकाच निर्णयानं जड होतं. 2001, 2002, 2003 अशी सलग तीन वर्षं होंडावर जिंकल्यावर कुजबुज सुरू झाली की जिंकतेय ती गाडी, वर कुणीही बसवा. यानं होंडा सोडली आणि यामाहा घेतली. यामाहाला वरच्या गटाचं विजेतेपद 1992 नंतर मिळालं नव्हतं, आणि आख्ख्या 2003 मध्ये त्यांच्या वाट्याला एकच पोडियम (पहिल्या तिघांतला क्रमांक) आला होता, तोही तिसऱ्या क्रमांकाचा. रॉसीनं आपला मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेस याला सोबत नेलं, मलेशियातल्या सेपांगला चार प्रकारची इंजिनं चालवून पाहिली आणि त्यातलं एक निवडलं.

मग 18 एप्रिल 2004, दक्षिण आफ्रिकेतलं वेल्कम. मोसमाची पहिलीच शर्यत. होंडावरचा मॅक्स बियाजी शेवटच्या फेरीपर्यंत मागच्या चाकाला चिकटून होता. रॉसी पाव सेकंदापेक्षा कमी फरकानं जिंकला. परतीच्या फेरीत त्यानं गाडी कडेला लावली, तिचा मुका घेतला आणि बाजूला मान खाली घालून बसून राहिला. त्या वर्षी सोळापैकी नऊ शर्यती आणि विजेतेपद.

पण हीच फूटपट्टी त्याच्या अंगावरही उलटते. 2011 मध्ये तो डुकाटीवर गेला. दोन मोसम, तीन पोडियम, विजय शून्य. त्याच कंपनीच्या गाडीवर केसी स्टोनरनं 2007 मध्ये दहा शर्यती मारल्या होत्या. स्टोनर सत्ताविसाव्या वर्षीच निवृत्त होऊन घरी गेला नसता तर आज हा लेख तिघांवर भागला नसता.

आता मार्केझ. नुसती गाडीवरची हुकमत बघायची असेल, तर मी बिनदिक्कत 93 म्हणेन. 2017 ची व्हॅलेन्सियाची शर्यत बघा. विजेतेपद जवळजवळ खिशात, सांभाळून चालवलं तरी पुरे, आणि पहिल्या वळणावर पुढचं चाक निसटतं. गाडी आडवी घसरत चाललेली. बाकी कुणीही तिथं हात सोडून दिला असता. यानं गुडघा आणि कोपर रस्त्यावर रेटून ती उचलली, खडीत शिरून बाहेर आला आणि तिसरा क्रमांक घेऊन विजेता झाला.

2019 मध्ये एकोणीस शर्यतींत बारा विजय आणि सहा वेळा दुसरा. उरलेली एक, ऑस्टिनची, तो आघाडीवर असताना पडला. मग जुलै 2020 मध्ये स्पेनमधल्या हेरेझला पडून उजव्या दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन मंगळवारी झालं आणि शनिवारी हा पुन्हा गाडीवर. शहाणपणा म्हणावा असं ते नव्हतंच. पुढं त्याच हातावर आणखी तीन शस्त्रक्रिया झाल्या, मधूनच एकाचे दोन दिसायला लागले. 2023 नंतर होंडा सोडून तो डुकाटीवर आला आणि 28 सप्टेंबर 2025 ला जपानमधल्या मोटेगीत पुन्हा जगज्जेता झाला. 2019 च्या आणि या विजेतेपदामध्ये 2,184 दिवस. रॉसीचे पाठीराखे लगेच म्हणतात, यानं तर सगळ्यात वेगवान गाडी पकडली. खरं आहे. मोडक्या हातानं पकडली, हेही खरं.

2015 च्या सेपांगबद्दल, म्हणजे तिथल्या रॉसी-मार्केझच्या टकरीबद्दल, मी लिहिणार नाही. कुणी कुणाला लाथ मारली यावर लोक अजून भांडतायत, खुशाल भांडोत.

भाच्याला मी वाचायला फार काही देणार नाही, दोन क्लिपा देईन. अमेरिकेतल्या लगुना सेकाला कॉर्कस्क्रू नावाचं वळण आहे, तिथं रस्ता एकदम खाली कोसळतो. 2008 मध्ये रॉसीनं तिथं स्टोनरला आतून, पार रस्त्याबाहेरच्या मातीवरून जाऊन गाठलं. 2013 मध्ये पहिल्याच मोसमात खेळणाऱ्या वीस वर्षांच्या मार्केझनं त्याच वळणावर, त्याच मातीवरून, खुद्द रॉसीला मागं टाकलं. दोन्ही लागोपाठ बघितल्या की कोण कुणाकडून शिकला ते कळतं, आणि शिष्य कुठवर पोचला तेही.

तर भाच्या, माझं मत विचारशील तर 46. वेल्कमसारखी उडी मार्केझनं मारलेली नाही. त्यानं दुबळी गाडी सोडून दणकट घेतली, रॉसीनं उलटं केलं. पण तू दोघांपैकी कुणाला बघत मोठा झालास, तेही धरावं लागेल. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली, तेव्हा रॉसी निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली होती. शर्यत त्याच्या संघाच्या मार्को बेझेकीनं जिंकली, आणि रडतखडत चालणाऱ्या होंडावर मार्केझनं शनिवारच्या स्प्रिंटमध्ये (छोट्या शर्यतीत) तिसरा क्रमांक काढला. हे तू स्वतः टीव्हीवर बघितलंयस. वेल्कमच्या वेळी तुझा जन्मही झाला नव्हता.

एक व्यवहाराची गोष्ट. रेडियम दोनेक पावसाळे टिकतं. 46 चा हिशेब बंद झालाय, त्यात आता काही बदलायचं नाही. 93 चा अजून चालू आहे; दहावं विजेतेपद मिळालं तर मला परत फोन कर.