तिलवाड्याला ग्रिड नको: लूपसाठी रीपर

ग्वाल्हेर घराण्याचा विलंबित ख्याल कानात मुरलेल्यांना माहीत असते, ठेका घड्याळाबरहुकूम चालत नाही. मुखडा (बंदिशीची समेवर येणारी ओळ) येताना तो किंचित रेंगाळतो, बढत (रागाचा विस्तार) सुरू झाली की लय चढते. मात्रेला अडीच सेकंद धरले तर तिलवाडा तालाचे १६ मात्रांचे आवर्तन ४० सेकंदांचे होते. पुढचे ३८ सेकंदांतही सम (आवर्तनाची पहिली मात्रा) गाठते. संगीताची बहुतेक सॉफ्टवेअर आधी टेम्पो विचारतात आणि मग प्रत्येक थाप ग्रिडवर, म्हणजे टेम्पोने आखलेल्या समान अंतराच्या रेषांवर, ओढतात. रीपर या ध्वनिमुद्रण-संपादनाच्या सॉफ्टवेअरला मात्र टेम्पो पूर्ण विसरायला लावता येतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरगुती स्टुडिओंनी ठेक्याचे लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) रचायला ते वापरावे, याचे मुख्य कारण हेच.

पहिले काम प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये (ऑल्ट-एन्टर). टाइमबेस (तुकड्यांची जागा कशाने ठरते ते) मुळात 'बीट्स' असतो, तो 'टाइम' करायचा. हे राहून गेले आणि पुढे टेम्पोचा आकडा चुकून बदलला, तर सगळे आयटम (ध्वनीचे तुकडे) जागचे हलतात आणि ताणलेही जातात. दोन दिवसांची जुळवणी अशी एका आकड्याने मोडते. मग ऑल्ट-एस दाबून स्नॅप (तुकडे ग्रिडला चिकटवण्याची सोय) बंद करायचा आणि रूलर (वरची वेळपट्टी) मिनिट-सेकंदांवर ठेवायचा.

आता कापणी. ठेक्याची किमान तीन वेगवेगळी आवर्तने ध्वनिमुद्रित करा. एकच फिरवले तर तिसऱ्या फेरीला कान ते ओळखतो. समेच्या 'धा'च्या ५ ते १० मिलिसेकंद आधी कर्सर नेऊन एस दाबायचा, म्हणजे तिथे तुकडा कापला जातो. थापेवरच कापले तर तिची धार जाते, फार आधी कापले तर मागच्या बोलाची आस तुटते. बायाँची (तबल्याच्या डाव्या जोडीची) घुमार मोठी असते, म्हणून आवर्तने दोन ट्रॅकवर आळीपाळीने मांडावीत: एकाची शेपूट दुसऱ्याच्या समेखाली विरत जाते. ऑल्ट-पीने रिपल एडिटिंग सर्व ट्रॅकसाठी चालू केले की एक तुकडा सरकवल्यावर पुढचे सगळे त्याबरोबर सरकतात. ग्रिडशिवाय क्रम टिकतो तो यामुळेच.

लय थोडी चढवायची असेल तर ऑल्ट धरून आयटमची कड ओढून त्याची लांबी बदलता येते, पण तबल्याला तीन टक्क्यांपलीकडे ताणू नये. चाटीचे (तबल्याच्या कडेवर वाजणारे) बोल पुसट होतात. त्याऐवजी बोलांच्या मधल्या शांत जागी कापून अंतरे कमी करावीत. वेळ लागतो, पण आवाज खरा राहतो.

तंबोऱ्याचे गणित निराळे. एका छेडीचा लूप चार-पाच सेकंदांत उघडा पडतो. २३ आणि ३१ सेकंदांचे दोन लूप एकत्र सोडले तर ते पुन्हा एकदम सुरू होतात ७१३ सेकंदांनी, म्हणजे बारा मिनिटांना थोडे कमी. तोपर्यंत बडा ख्याल रंगलेला असतो. स्वर बदलायचा असेल तर एफ-२ने आयटमचे गुणधर्म उघडून स्वर जपण्याचा पर्याय बंद करावा आणि वेग १.०५९५ ठेवावा. तंबोरा बरोबर अर्धा स्वर चढतो. लूपही तेवढाच आखूड होतो, तेव्हा वरचा हिशेब नव्याने करावा.

डिलेत, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टमध्ये, एक सापळा आहे. रीडिले या रीपरमधल्या डिलेची लांबी संगीतमात्रांत दिली तर तो निमूट प्रोजेक्टचा टेम्पो धरतो. तो आकडा शून्य करून लांबी मिलिसेकंदांत द्यावी.

गायकाच्या मागे बसून लूप हाताने सोडायचे तर रीपर अपुरे. त्यात तयार क्लिप-खिडकीच (हवा तो तुकडा हवा तेव्हा सोडण्याची जागा) नाही. त्या कामाला लूप सिंक (सगळे लूप एकमेकांशी जुळवण्याची सोय) बंद केलेले बॉस आरसी-५०५ हे लूपचे यंत्र जास्त योग्य, पाचही ट्रॅक आपापल्या लांबीने फिरतात. घरी शांतपणे आवर्तने रचणाऱ्याला मात्र रीपरच घ्यावे: ६० दिवस काहीही न कापता वापरून पाहता येते, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा.