भाज्यांचा वाद्यवृंद की लाटांची पायपेटी?

आंतरजालावरील चक्रम संगीतापैकी दोन चित्रफिती यंदाच्या पावसाळ्यात वेंगुर्ल्यातील आमच्या घरी पुन्हा पुन्हा पाहिल्या गेल्या. पहिली व्हिएन्नातील, १९९८ पासून ताज्या भाज्यांची वाद्ये वाजवणाऱ्या मंडळाची : गाजर पोखरून केलेली बासरी, भोपळ्याचा ढोल आणि शेवटी श्रोत्यांना भाज्यांचे सूप. गंमत खरी, परंतु ज्यांच्या तंबोऱ्याचाच भोपळा असतो, त्यांना नवल थोडे कमीच वाटते.

दुसरी क्रोएशियातील झादर शहराची. वास्तुविशारद निकोला बाशिच यांच्या आराखड्यानुसार २००५ मध्ये तेथील किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवण्यात आल्या. दशावतारातील पायपेटीत पाय करतात ते भात्याचे काम येथे लाट करते आणि पायऱ्यांच्या भोकांतून खोल, रेंगाळणारे सूर उमटतात. आमच्या धक्क्याच्या फटींतूनही भरतीचे पाणी असाच हुंकार देते, फक्त तो कोणी सुरात लावलेला नाही. अर्थात तिकडची भरती-ओहोटी किरकोळ. कोकणात त्याच नळ्या ओहोटीला कोरड्या पडतील आणि उधाणात वाळूने बुजतील.

तरीही रात्री हेडफोन लावून ऐकण्यासाठी मी झादरच निवडतो. भाज्यांची चित्रफीत मुलांना अवश्य दाखवावी, मात्र त्याआधी स्वयंपाकघरातील दुधी मोजून ठेवावेत.