गुलाबी बी आणि ‘सेंद्रिय’ औषधाची बाटली

परवा इचलकरंजीहून मावसबहिणीचा फोन आला. गच्चीवर घरची सेंद्रिय भाजी करायची ठरवलीय, एक जण पिशव्या, खत, बी, औषध सगळं आणून बसवून देतो, निम्मे पैसे देऊनही झाले, असं ती हौसेनं सांगत होती. मी तिला बियांचा फोटो पाठवायला सांगितला. बी गुलाबी होतं. वर्षभर मनात ठेवलेलं सगळं त्याच रात्री लिहायला बसले.

मी सांगलीच्या गावभागात राहते. घरामागं माझी छोटी परसबाग होती. 2019च्या पुरात तिच्यात कितीतरी दिवस पाणी उभं राहिलं आणि ओसरलं तेव्हा वीतभर गाळ उरला. त्या गाळातून काय काय वाहून आलं असेल या धास्तीनं मी तिथं पुन्हा भाजी लावली नाही. पुढं नात झाली. तिला वरणभातात पालक कालवून भरवायची वेळ आली तेव्हा मात्र तो पालक आपल्या घरचा असावा असं मनानं घेतलं. जागा होती ती गच्चीचीच.

भिशीतल्या मैत्रिणीनं एकाचा नंबर दिला. तिशीतला मुलगा, बोलायला मऊ, चपला खाली जिन्यातच काढून वर आला. “काकू, तुम्ही फक्त पाणी घाला, बाकी माझ्यावर सोडा.” चोवीस पिशव्या, चारशे किलो गांडूळ खत, देशी बियाणं आणि सहा महिने फवारणी, सगळं मिळून 18,500 रुपये. त्यानं लॅमिनेशन केलेलं सेंद्रिय प्रमाणपत्रही दाखवलं. ते होतं कुठल्याशा शेतकरी गटाचं. तसलं प्रमाणपत्र त्या गटाच्या शेताला आणि पिकाला असतं, ते दाखवून गोण्या विकणाऱ्याच्या खताबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्याची मुदतही संपलेली होती. तारीख कागदावर छापलेली होती, मी ती पाहिली नाही. पैसे फोनवरून तीन हप्त्यांत दिले. बिल मागितलं की “देतो की काकू” म्हणायचा.

बियांच्या पुड्या हातानं बांधलेल्या होत्या आणि त्यांवर पेनानं ‘देशी’ लिहिलेलं होतं. आत बी गुलाबी. विचारलं तर म्हणाला, “बीजामृत लावलंय.” बीजामृत शेण, गोमूत्र, चुना आणि बांधावरची मूठभर माती कालवून करतात, त्याचा रंग शेणामातीचाच राहणार. गुलाबी रंग असतो तो थायरमसारखं बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला, आणि तो मुद्दामच देतात, कुणी चुकून ते बी खाऊ नये म्हणून. रीतसर पाकिटावर जात, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि बी कशानं प्रक्रिया केलेलं आहे हे छापलेलं असतं. पुडीवर यातलं काहीच नव्हतं.

खताच्या गोण्या वर चढवताना दोन गडी थकले. खत काळंभोर होतं, मी खूश झाले. पहिल्या पावसात पिशव्यांतलं पाणी वरच तुंबलं आणि आठ दिवस उघडीप मिळाल्यावर खताला भेगा पडल्या. माझं माहेर तासगावकडचं. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशाच त्या भेगा होत्या. गांडूळ खताला भेगा पडत नाहीत. शेवटी मी स्वयंपाकघरातलं लिटरचं माप घेऊन खत न दाबता भरलं आणि काट्यावर ठेवलं, तर सव्वा किलोच्या वर गेलं. खत नियंत्रण आदेशात गांडूळ खताची घनता 0.7 ते 0.9 दिलेली आहे. म्हणजे लिटरभर खत 700 ते 900 ग्रॅम भरायला हवं, आणि ओलावा 15 ते 25 टक्के हवा. माझ्याकडचं खत म्हणजे काळी माती आणि साखर कारखान्याच्या बॉयलरची राख होती. पेलाभर पाण्यात टाकलं तर माती खाली बसली आणि राखेचा थर वर आला. कुणी खत विकायला आलं तर पैसे देण्याआधी हे माप नक्की करून बघा, घरात काटा असतोच.

नुसतं खतच खोटं निघालं असतं तर पैसे गेले म्हणून गप्प बसले असते. औषधाचं तसं नाही.

घेवड्यावर मावा पडला म्हणून त्यानं बाटली आणली. लेबलवर कडुनिंबाची फांदी, ‘वनस्पती अर्क’, ‘शंभर टक्के सेंद्रिय’. त्यानं सकाळी फवारलं आणि दुपारपर्यंत मावा मेला. मला बरं वाटलं. संध्याकाळी झाडायला गेले तर पिशव्यांच्या कडेला मावा खाणारे ढालकिडे उलटे पडलेले होते, दोन मधमाश्याही होत्या. आणि वास होता. निंबोळी तेलाला कडवट, लसणीसारखा उग्र वास येतो. हा वास रॉकेलच्या अंगाचा होता. तासगावला द्राक्षबागेत वडील फवारून आले की त्यांच्या सदऱ्याला येणारा तो वास माझ्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही लेबलवर सेंद्रिय लिहिलंय म्हणून मी नाकावर विश्वास ठेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच गच्चीवरचा पालक नातीच्या वरणात घातला. हे लिहिताना आजही हात थांबतो.

कडुनिंब असं काम करत नाही. त्यातल्या अझाडिरॅक्टिननं कीड खायची थांबते, पिल्लांना कात टाकता येत नाही, आणि पाने स्वच्छ दिसायला काही दिवस जातात. तासाभरात कीड पटापट पडत असेल तर बाटलीत दुसरंच काहीतरी आहे असं समजा. मुलानं पुण्याच्या प्रयोगशाळेतून बाटली तपासून घेतली, सायपरमेथ्रिन हे रासायनिक कीटकनाशक निघालं. डॉक्टरांनी नातीला तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं, पण तो अहवाल हातात येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

1968च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे कडुनिंबाच्या औषधालाही नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि हिऱ्याच्या आकाराची खूण असायला हवी. त्या खुणेचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. ती खूण दिसली नाही तर बाटली घरात घेऊ नका, वर कितीही पानंफुलं काढलेली असोत.

त्याला फोन केला तर म्हणाला, “काकू, कंपनीचा माल आहे, मला काय माहीत?” दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. मैत्रिणीला वाईट वाटलं, तिच्याही गच्चीवर त्याच गोण्या आहेत. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, कारण खत, बी आणि औषध तिन्हींचे नमुने घ्यायचा अधिकार त्या खात्याला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल नसलं तरी पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा, माझ्या अर्जाला तेवढाच आधार आहे. प्रकरण अजून चालू आहे.

मावसबहिणीला मी उरलेले पैसे देऊ नकोस म्हणून सांगितलं. बियाची पुडी न उघडता ठेव, गोणीतलं किलोभर खत बाजूला काढून ठेव आणि तो येईल तेव्हा त्याच्या गाडीचा नंबर लिहून घे, हेही सांगितलं. औषधाची बाटली तिच्याकडे अजून आलेली नाही. माझी बाटली पुरावा म्हणून वरच्या कपाटात कुलपात आहे, नातीचा हात पोचू नये अशी. कुणाकडे असली बाटली असेल तर ती मोरीत ओतू नका. सायपरमेथ्रिन माशांना फार जहाल असतं, आणि आमच्या गावचं सांडपाणी शेरी नाल्यातून कृष्णेलाच मिळतं.