सर्टिफिकेटवर नावं टाकून टाकून वैतागलात? स्क्रायबसचं स्क्रिप्टर बघा एकदा

शाळेच्या गॅदरिंगची सर्टिफिकेटं, सोसायटीच्या गणपतीतली प्रशस्तिपत्रकं, आयकार्डं... "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना" म्हणून हे काम ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. डिझाईन एकच, नावं तेवढी बदलायची, आणि हाताने कॉपी-पेस्ट करत बसलं की कुणाचं तरी नाव दुसऱ्याच्या बक्षिसावर जातंच.

स्क्रायबस हे पानांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ देतं त्यामुळे प्रेसवाले कटकट करत नाहीत, आणि त्यातल्या स्क्रिप्टरमुळे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिता येते. व्हर्जन मात्र १.६ च घ्या, २०२४ ला आलं ते. १.४ च्या काळात मराठी जोडाक्षरं पार फुटायची, आता नीट दिसतात.

माझं मत असं की स्क्रिप्टने डिझाईन करायला जाऊच नका. टेम्प्लेट माऊसनेच बनवा, नावाच्या टेक्स्ट फ्रेमवर (मजकुराच्या चौकटीवर) क्लिक करून एफ२ दाबा आणि प्रॉपर्टीजमध्ये तिला एक साधं नाव द्या. मग स्क्रिप्टचं काम एवढंच, सीएसव्हीतली (नावांच्या यादीची साधी मजकूर फाईल) एकेक ओळ वाच, सेटटेक्स्ट या फंक्शनने फ्रेममध्ये टाक, पीडीएफ सेव्ह कर, पुढची घे. पायथन नुकतंच शिकायला घेतलंय अशा माणसालाही जमेल, पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

खरी मजा लांबलचक नावांत. ओवी राणे कुठेही मावते हो, पण ज्ञानेश्वरी चंद्रशेखर क्षीरसागर आली की आडनाव फ्रेमबाहेर. तिथे टेक्स्टओव्हरफ्लोज नावाचं फंक्शन आहे, मजकूर मावत नसेल तर ते सांगतं, मग मावेपर्यंत फॉन्ट एकेक पॉइंट कमी करत जायचा. खाली कितीपर्यंत जायचं ती लिमिट मात्र घाला, कारण स्क्रिप्ट चालू असताना अख्खं स्क्रायबस गोठल्यासारखं होतं आणि फॉन्ट कमी करत राहणारा हा लूप संपलाच नाही तर टास्क मॅनेजरमधून मारावं लागतं. फाईल आधी सेव्ह!

एक्सेलवाल्यांनी यादी 'सीएसव्ही यूटीएफ-८' मध्येच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि पायथनमध्ये उघडताना एनकोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि कॉलमचं नाव बरोबर लिहूनही एरर का येतोय ते कळतच नाही.

खटकणारी गोष्ट म्हणजे मॅक्रो रेकॉर्डर नाही. कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये कसं, रेकॉर्ड करून निर्माण झालेला कोड बघत बघत शिकता येतं, इथे तसं नाही, आणि मदतीत फंक्शनांची यादी आहे पण उदाहरणं फारच कमी. त्यापेक्षा सोबत येणारी कॅलेंडर विझार्डची स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडा. फ्रेम कशी बनवली, स्टाइल कशी लावली, सगळं त्यात आहे, आणि थोडे फेरफार केलेत तर पुढच्या वर्षीचं मंडळाचं कॅलेंडरही त्यातूनच निघेल.